सासरे म्हणतात "आपल्याकडं पाणी येत नाही": सांगलीच्या सुनेचं पत्र आणि पुराचा हिशोब

प्रश्न: काकू नमस्कार. लग्न होऊन सांगलीत आले त्याला तीन वर्षं झाली, माहेर लातूरकडचं. घर नदीपासून चालत दहा मिनिटांवर, जुनं, तळमजला आणि वर गच्ची, मागची एक खोली अजून पांढऱ्या मातीच्या भिंतींची. नवरा सोमवार ते शुक्रवार पुण्यात. घरी मी, चार वर्षांची मुलगी, सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेत, आणि सासरे, वय ७१, इन्सुलिन चालू. २०१९ ला आमच्या घरात मांडीपर्यंत पाणी होतं आणि २०२१ ला वरच्या पायरीला लागून परत गेलं हे मला शेजारच्या वहिनींकडून कळलं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "२००५ चा एवढा मोठा पूर, तरी उंबरा ओलांडला नाही. २०१९ चं एकदाच झालं. आलंच तर गच्चीवर जाऊ." सासूबाई म्हणतात देव सोडून कुठं जायचं. जून लागला की माझी झोप उडते. वाळूची पोती आणून ठेवू का? सामानाचं काय करू? यांना घराबाहेर कसं काढू? आणि मिस्टर म्हणतात पावसाळ्याआधी घर रंगवून टाकू, मागच्या खोलीत पुराची रेघ अजून दिसते ती बघून आईंना कसंतरी होतं, तर तेही सांगा.
एक सून, सांगली

उत्तर:

अगं, २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या लातूरला आमच्या मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं, टँकरच्या वाघिणी भरून, आणि आता तूच इथं येऊन त्याच पाण्याला घाबरून बसलीस. हस थोडं. घाबरणं चुकीचं नाही म्हणा, जून-जुलैत आम्हा सांगलीकरांची पण झोप अशीच असते, फक्त आम्ही ते चहा पीत पीत "आज आयर्विनला किती?" असं विचारून झाकतो.

तर पहिलं म्हणजे सासऱ्यांवर चिडू नकोस, कारण तुझ्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ त्यांचीच आहे. "२००५ ला उंबरा ओलांडला नाही." तुला तो हट्ट वाटतोय, मला त्यात माप दिसतंय. बघ कसं ते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात, ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, हे एवढं तुलाही माहीत असेल. २००५ ला तिथं ५३ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. आता तुझ्याच पत्रातल्या तीन गोष्टी याला जोड. ५३ ला उंबरा कोरडा, ५५ ला वरच्या पायरीला लागून परत, ५७ ला घरात मांडीपर्यंत. झालं की मग! तुमचा उंबरा आयर्विनच्या हिशोबानं ५५ फुटाच्या आसपास आहे. हे कुठल्या इंजिनियरनं नाही, तुझ्या सासऱ्यांनी आणि शेजारच्या वहिनींनी सांगितलंय. नदीचं पाणी पुलापाशी आणि तुमच्या गल्लीत तंतोतंत एका पातळीत नसतं, त्याला उतार असतो, मध्ये नाले असतात, म्हणून अर्धा-एक फूट इकडं तिकडं धर.

पण हा झाला पाणी घरात यायचा आकडा. तुम्ही घरातून बाहेर पडायचा आकडा वेगळा, आणि तिथंच माणसं फसतात. आम्ही फसलोय म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टला आमचा उंबरा किती फुटाला आहे हे यांना पाठ होतं, त्यामुळं आम्ही दोघं निवांत, अजून दोन-तीन फूट आहेत की, आणि संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले तर घर कोरडं ठणठणीत आणि गल्लीच्या तोंडाशी, जिथून मेन रोडला लागतो तिथं, पाणी कमरेला. आम्ही बेटावर! रात्री साडेदहाला बोटीतून निघालो, माझी एक चप्पल त्या बोटीत राहिली, आणि सगळे कागद घातलेली पिशवी कॉटवर राहिली ती चार दिवसांनी लगदा होऊन मिळाली. कॉट लाकडी होती, पाणी आल्यावर ती तरंगली आणि पलटी झाली. हे पलटी होणं लक्षात ठेव, सामानाचं बोलताना परत येते त्यावर.

म्हणून यंदाच्या रविवारी मिस्टर घरी असतील तेव्हा एक काम कर. सासऱ्यांना म्हण, बाबा, तुम्ही एवढे पूर बघितलेत, मला जरा सांगा ना आपल्या कोपऱ्यावर पाणी कधी लागतं, किराणा दुकानापाशी कधी, आणि मोठ्या रस्त्याला जायला अडतं ते कुठं. म्हातारी माणसं यात चुकत नाहीत गं, त्यांना "अमक्याच्या जोत्याला लागलं की आपली वाट बंद" हे बरोबर माहीत असतं. त्यांच्याबरोबर चालत जाऊन बघून ये. समजा निघालं की वाट ४८ ला बंद होते, तर तुमचा निघायचा आकडा ४८ नाही, ४५. कारण ४६-४७ ला सगळी सांगली एकदम निघते, रिक्षा मिळत नाही, आणि सासूबाईंचे गुडघे असे असताना तुला दारात गाडी लागेल अशीच वेळ पाहिजे. ४० ला सामान वर चढवायला सुरू, ४५ ला माणसं बाहेर, असा साधा हिशोब ठेव. आणि हा आकडा सासऱ्यांच्या हातानं कॅलेंडरवर लिहून घे. तू लिहिलास तर तो सुनेचा आगाऊपणा, त्यांनी लिहिला तर घरचा नियम. मी हे चेष्टेनं नाही म्हणत, पंचवीस वर्षं सून होते मी पण.

रात्रीसाठी अजून एक. संध्याकाळी आकडा ४२-४३ असेल आणि वरच्या धरणांतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज आलेला असेल तर सकाळची वाट बघू नका, उजेड आहे तोवरच निघा. कृष्णा सांगलीत चढते ती हळू चढते, तासाला काही इंच, म्हणून माणसाला वाटतं की वेळ आहे. आणि खरंच असतो वेळ, देवानं आपल्याला तेवढी सवलत दिलीय. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटेच्या अंधारात बाजारपेठेत आणि घरात शिरलं, तिथल्या लोकांना सामान सोड, माणसं वर चढवायलाही धावपळ झाली. (कोकणातून कोणी वाचत असेल तर तुमच्यासाठी हा फुटांचा हिशोब नाही, तुमच्याकडं रेड अलर्ट आणि भरती एकत्र आली की त्या रात्री खाली झोपायचंच नाही, एवढंच.) आपल्याला वेळ मिळतो आणि आपण तो "अजून बघू" म्हणण्यात घालवतो.

विसर्गाच्या मेसेजबद्दल पण सांगते, कारण व्हॉट्सअपवर नुसता गोंधळ असतो. "कोयनेतून पाणी सोडलं!!!" असं तीन उद्गारचिन्हांसकट येतं आणि नीट वाचलं तर पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक असतं. एवढ्यानं आपल्याकडं काही होत नाही. सहा वक्र दरवाजे उचललेत आणि विसर्ग वीस-तीस हजारांच्या पुढं चाललाय, वर कोयना-महाबळेश्वरला पाऊस थांबत नाहीये, तेव्हा उठायचं. आणि कोयनेबरोबर वारणा पण बघायची, चांदोलीचं धरण, कारण वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, म्हणजे आपल्या अगदी पायाशी, आणि पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा येते. खालच्या दोघी फुगलेल्या असल्या की आपलं पाणी पुढं सरकत नाही, इथंच तुंबतं. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली का हेही म्हणून बघत जा. अलमट्टीचं म्हणशील, म्हणजे कर्नाटकातल्या त्या धरणामुळं आपल्याकडं पाणी तुंबतं का, तर त्या वादात मी पडत नाही, कट्ट्यावर बसून ज्यांना तो सोडवायचाय त्यांनी सोडवावा, आपल्याला ४५ ला बाहेर पडायचंय. आकडा पाटबंधारे खात्याचा किंवा जिल्हा प्रशासनाचाच धर, फॉरवर्डवाला नको. मोबाईलवर सरकारचं 'सचेत' ॲप घेऊन ठेव, आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर आणि ११२ हे दोन्ही सासऱ्यांच्या साध्या फोनमध्ये पण सेव्ह कर.

आता गच्ची. "आलंच तर गच्चीवर जाऊ" हे सगळेच म्हणतात, आमचे हे पण म्हणायचे. त्याला नाही म्हणू नकोस, फक्त विचार की बाबा, गच्चीवर किती दिवस? २०१९ ला पाणी तासाभरात आलं-गेलं असं नव्हतं, दिवसच्या दिवस बसून होतं. लाईट नाही, मोबाईल बंद, संडास वापरता येत नाही कारण खालून उलटं येतं, वरून पाऊस, आणि इन्सुलिन कशात ठेवणार. चार वर्षांच्या पोरीला चोवीस तास कठड्यापासून धरून बसणार कोण. चारही बाजूंनी पाणी आणि प्यायला घोट नाही अशी गत होते. आणि मग शेवटी निघावंच लागतं, ते सगळ्यात वाईट वेळी, गच्च भरलेल्या बोटीतून. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जण गेले, तुझ्या सासऱ्यांना तो दिवस आठवत असणार, सांगलीत कोणाला आठवत नाही असं नाही. हे त्यांना भीती घालायला वापरू नकोस. पण एकदा, शांतपणे, हे बोलून घे की आपल्याला बोटीची गरजच लागायला नको.

आणि जायचं कुठं हे आज ठरव. शाळेतल्या निवारा केंद्राला नाव ठेवत नाही मी, पण सासूबाईंना तिथं खाली सतरंजीवर बसणं-उठणं जमणार नाही. विश्रामबागेकडं, मिरजेकडं, जिकडं उंचावर कोणी पाहुणे असतील त्यांना आत्ताच सांगून ठेव की आम्ही चार-सहा दिवस येऊ शकतो. आपल्याकडं लाज कसली असते माहितेय का, पाण्याची नसते, "पाणी आलंच नाही आणि हे घाबरून पळाले" याची असते. आम्ही २०१९ नंतर दोन वेळा निघालो आणि पाणी आलं नाही. शेजारचे हसले. नणंदेकडं आयती चार दिवस पुरणपोळी खाऊन आलो, कुणाचं काय बिघडलं?

सासूबाईंचे देव. यावर वाद अजिबात घालू नकोस. एक स्टीलचा कडीचा डबा आण, आत मऊ फडकं, आणि त्यांना सांग की निघताना पहिले देव निघणार, तुमच्या मांडीवर, बाकी सगळं मागून. आमच्या सासूबाई याच एका वाक्यावर उठल्या होत्या. मोठ्या तसबिरी तेवढ्या भिंतीवर वर सरकव.

बरं, घर. वाळूची पोती विचारलीस. खरं सांगू का, तुझ्या घरासाठी मी त्यात पैसे घालणार नाही. जिथं पाणी तासाभरात येऊन जातं आणि फूटभरच येतं तिथं पोत्यांचा उपयोग. आपल्याकडं पाणी दिवसेंदिवस उभं राहतं, ते दारातून नाही आलं तर फरशीच्या सांध्यांतून, पायातून, न्हाणीतून येतं. आणि समज तू दार अगदी पक्कं बंद केलंस आणि बाहेर तीन फूट पाणी चढलं, आत कोरडं, तर तो सगळा दाब भिंतीवर येतो, त्यात तुमची मागची खोली मातीची. त्यापेक्षा पाणी आत आलेलं परवडतं. पोती घ्यायचीच तर दोन-तीन घे आणि ती कुठं ठेवायची तर संडासाच्या भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीवर. ऐकायला विचित्र वाटेल पण पुराचं पहिलं पाणी दारातून येत नाही, ते ड्रेनेज भरल्यावर संडासातून आणि मोरीतून वर येतं, काळं, घाण, आणि ते आलं की घर खरं नासतं. न्हाणीत आधी कापडाचा बोळा घट्ट घाल, वर प्लास्टिकमध्ये बांधलेलं वाळूचं पोतं. पुढच्या उन्हाळ्यात प्लंबरला सांगून बाहेरच्या चेंबरच्या लाईनला उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवून घे, पोत्यांपेक्षा तो खर्च सत्कारणी लागेल.

लाईटचं काम मात्र याच महिन्यात. इलेक्ट्रिशियनला बोलाव आणि खालचे सॉकेट निदान चार फुटांवर घे म्हणावं, कारण २०१९ ला तुमच्याकडं अडीच-तीन फूट होतं. आधीच असेल तर उत्तम, नसेल तर ईएलसीबी बसवून घे, म्हणजे करंट गळला की आपोआप लाईन तुटते. निघताना घर कोरडं असलं तरी मेन स्विच बंद. आणि इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा हे सगळे विसरतात, मेन पाडलं तरी इन्व्हर्टर घरात करंट देत राहतो. पायाखाली पाणी आलेलं असेल तर मात्र बोर्डाला हातच लावायचा नाही, तसंच बाहेर पड आणि महावितरणला १९१२ वर कळव.

सामानाचं एकच सांगते, सगळं चार फुटाच्या वर, आणि लाकडावर काही ठेवायचं नाही. कॉट, टेबल, दिवाण, सगळं तरंगतं. लोक लाकडी टेबलावर टीव्ही ठेवून समाधानानं जातात आणि परत येतात तर टीव्ही तोंडावर. कडाप्प्याचा ओटा, भिंतीतले कोनाडे, माळा, आणि गच्चीवर जिन्याची जागा झाकलेली असेल तर ती, हे खरे. फ्रीज रिकामा झाला की तो पण होडीसारखा फिरतो, दार उघडत-आपटत. शक्य असेल तर चार पोरं बोलावून ४० ला असतानाच जिन्यानं वर चढव. फ्रीज आडवा न्यावा लागला तर उभा करून काही तास थांबून मगच चालू कर. लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे कर. गहू-तांदूळ वर घे, गव्हाच्या डब्यात पाणी शिरलं की गहू फुगून डबा फाटतो, वास तर विचारूच नकोस. आतल्या खोल्यांची दारं उघडी ठेवून जा, लाकूड फुगलं की बंद दार आठ दिवस उघडत नाही.

गॅस सिलेंडरचा रेग्युलेटर काढ, वर त्याचं टोपण घट्ट बसव, आणि सिलेंडर खिडकीच्या गजाला साखळीनं नाहीतर चांगल्या दोरीनं बांध, भरलेला असो नाहीतर रिकामा, तो तरंगतो आणि आपटत फिरतो. गच्चीवरची सिंटेक्स भरून ठेव, परत आल्यावर पहिल्या दिवशी तेच स्वच्छ पाणी. जमिनीतली टाकी असेल तर ती पुराच्या पाण्यानं खराब झाली असंच समजायचं. गाडी आणि स्कूटर ४० च्या आतच उंचावरच्या पाहुण्यांकडं लाव. आणि गाडी बुडालीच तर हौसेनं स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असताना चालू केली की इंजिन बसतं आणि मग विमावाले त्यावर हुज्जत घालतात.

कागद. आधार, रेशन कार्ड, घराचे उतारे, पासबुक, सासऱ्यांची फाईल, मुलीचा जन्मदाखला. फोटो काढून मिस्टरांना पाठव म्हणजे पुण्यात एक प्रत राहील, डिजिलॉकरमध्ये जे येतं ते टाक, आणि मूळ कागद झिपच्या प्लास्टिक पिशवीत, ती पिशवी दाराच्या खिळ्याला, आजपासून. कॉटवर नाही! सोनं बँकेत असेल तर एवढं विचार की लॉकर तळमजल्यावर आहे का. आणि घराचा विमा. बहुतेक जण गाडीचा काढतात आणि घराला "काय होणार" म्हणून सोडतात. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, पूर त्यात धरलेला आहे. पाणी चढायला लागल्यावर धावत गेलीस तर उपयोग नाही, आत्ता चौकशी कर.

इन्सुलिनचं वेगळं सांगते. पंधरा दिवसांचा साठा, सुया आणि शुगरचं मशीन एका डब्यात. उघडलेली बाटली किंवा पेन काही आठवडे बाहेर चालतं, पण उन्हात आणि गरम जागी नको आणि बर्फाला चिकटूनही नको, गोठलं की वाया गेलं. फ्रीज नसेल तिथं जुनी युक्ती, पसरट मातीच्या भांड्यात थोडं पाणी, त्यात छोटं मडकं, मडक्यात कोरडी पिशवी आणि पिशवीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. तुमच्या डॉक्टरांना मात्र एकदा विचारून घे की कुठलं इन्सुलिन किती दिवस बाहेर चालेल, ब्रँडप्रमाणे फरक असतो.

निघायला उशीर झालाच, होतो कधी, तर वाहत्या पाण्यात पोरीला घेऊन उतरायचं नाही. घोट्याच्या वरचं जोरात वाहणारं पाणी पण चांगल्या माणसाचा पाय उचलतं, आणि आपल्या गल्लीतल्या गटारांची झाकणं कुठं उघडी आहेत हे गढूळ पाण्यात दिसत नाही. वर जा, ११२ ला फोन कर, एखादी रंगीत साडी कठड्याला बांध म्हणजे बोटवाल्यांना घर कळतं.

परत आल्यावर झाडू हातात घ्यायच्या आधी मोबाईल घे. प्रत्येक खोलीचा फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, खराब झालेल्या एकेका वस्तूचा फोटो. तलाठी पंचनाम्याला येतात तोपर्यंत आपण घर लख्ख करून बसलेलो असतो आणि मग "एवढं होतं हो साहेब" असं हातवारे करून सांगायची वेळ येते, आमच्यावर आली. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचून घे आणि त्याचाही फोटो काढ. मग गाळ, आणि तो ओला असतानाच काढ, वाळला की खरवडून निघत नाही. गमबूट आणि हातमोजे घालून. कपाटाखाली, चपलांच्या मांडणीत, गुंडाळलेल्या गादीत आधी काठी घाल, पुराबरोबर साप घरात येतात आणि मण्यार तर रात्री अंथरुणात शिरते. चावलंच काही तर बांधाबांधी नको, कापाकापी नको, सरळ सरकारी दवाखाना. लाईट इलेक्ट्रिशियननं बघितल्याशिवाय चालू करायची नाही. पाणी उकळून पी निदान महिनाभर. आणि आठ-पंधरा दिवसांत घरात कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांग की पुराच्या पाण्यात काम केलंय, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) असू शकतो आणि तो वेळेत कळला तर गोळ्यांनी बरा होतो.

तुमच्या मागच्या खोलीची मला जास्त काळजी वाटते. मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर उभी दिसते आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर, बसते. सगळे साफसफाईत गुंतलेले असतात तेव्हाच. पाणी गेल्यावर त्या खोलीत कुणी झोपायचं नाही, मुलीला तर दारापाशी पण सोडू नकोस, आधी गवंडी आणून दाखव. पुढंमागं पैसे हाताशी आले तर ती खोली पाडून बांधा आणि जोतं उंच घ्या. पण बांधकामाआधी महापालिकेत पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. आता २००५, २०१९, २०२१ हे बोटांवर मोजलंस तर तुला कळेल की त्या "एकदा"वर आपण किती विसंबायचं, पण परवानगी त्या रेषेवरच ठरते.

राहिला रंगाचा प्रश्न. मिस्टरांना म्हणावं यंदा नको. पाणी मुरलेल्या भिंतीला वरून रंग दिला की पापुद्रे निघतात, पैसे वाया, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तर अजिबात नको, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघा. सासूबाईंना रेघ बघवत नसेल तर तिथं कॅलेंडर लाव. पण रंगारी यायच्या आधी सासऱ्यांना त्या खोलीत ने, २०१९ च्या रेघेवर एक खिळा ठोकून घे, २०२१ चं पाणी थांबलं त्या पायरीवर एक खूण करून घे, आणि टेपनं मोजून दोघांतलं अंतर मला कळव. माझ्या अंदाजानं अडीच फुटाच्या वर भरेल.